संगणकाची जुनी भाषा : ठेवावी की टाकावी?

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यातल्या टेंभली या गावी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आणि श्रीमती सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत देशातील पहिले आधार क्रमांक गावकऱ्यांना देण्यात आले. बोटांचे ठसे आणि बुबुळांच्या खुणा यांवरून माणसाची ओळख पटवणारी ही यंत्रणा मुंबई-पुण्याच्या आधी सातपुड्याच्या पायथ्याशी अवतरली, याचे त्या वेळी मोठे कौतुक झाले आणि ते अस्थानीही नव्हते. परंतु संगणकाने चालणारी यंत्रणा गावात येणे वेगळे आणि संगणकाला काम सांगण्याची विद्या गावातल्या मुलाच्या हाती येणे वेगळे. या दुसऱ्या बाबतीत राज्याच्या ग्रामीण भागातील महाविद्यालयांचे चित्र फारसे बदललेले नाही आणि नंदुरबारला त्यातून वगळण्याचे काही कारण दिसत नाही. असंख्य संगणकशाळांत प्रात्यक्षिकाच्या तासाला आजही तोच निळा पडदा उघडतो, त्यावर तीच पिवळी अक्षरे उमटतात आणि विद्यार्थी तेच प्रोग्राम लिहितात, जे त्यांच्या शिक्षकांनी विद्यार्थिदशेत लिहिले होते.

या निळ्या पडद्याचे नाव टर्बो सी प्लस प्लस. बोर्लंड या अमेरिकन कंपनीने १९९० साली तो बाजारात आणला. आपल्याकडे रूढ झालेली त्याची तिसरी आवृत्ती त्यानंतर लवकरच निघाली. ज्या डॉस प्रणालीसाठी तो रचला ती प्रणाली काळाच्या पडद्याआड गेली. ती कंपनी २००९ साली दुसऱ्या कंपनीने विकत घेतली. आजच्या चौसष्ट बिटांच्या विंडोज प्रणालीवर तो सरळ चालतही नाही. म्हणून नव्या यंत्राच्या पोटात आधी जुन्या यंत्राचे सोंग वठवणारा डॉसबॉक्स नावाचा प्रोग्राम बसवायचा आणि त्याच्या आत हा पडदा उघडायचा, असा द्राविडी प्राणायाम गेली कित्येक वर्षे चालू आहे.

मग जुने सारे टाकून द्यावे काय? संगणक क्षेत्रात या प्रश्नावर कायमचे दोन तट आहेत. एकाच्या मते जे चालते त्याला हात लावू नये. दुसऱ्याच्या मते जे जुने झाले ते धोक्याचे झाले. दोन्ही पक्ष भाषेचे वय मोजतात आणि तेथेच गल्लत होते. वयाने साठी ओलांडलेली भाषा जगाचा व्यवहार विनातक्रार चालवू शकते आणि तिशीतले एखादे साधन विद्यार्थ्याचे नुकसान करू शकते. पाहायचे असते ते हे, की त्या भाषेची जबाबदारी घेणारा कोणी जागेवर आहे काय आणि ती बदलण्याचा किंवा न बदलण्याचा खर्च अखेर कोणाच्या माथी पडतो.

कोबॉलचे उदाहरण

कोबॉल या भाषेची घडण १९५९ साली अमेरिकेत सुरू झाली. सरकार, लष्कर आणि संगणक कंपन्या यांचे प्रतिनिधी त्यासाठी एकत्र आले होते. नौदलात काम केलेल्या ग्रेस हॉपर या गणितज्ञ विदुषीने त्यापूर्वी तयार केलेल्या भाषेचा तिच्यावर मोठा प्रभाव होता. कचेरीतले हिशेब कचेरीतल्या माणसालाच वाचता यावेत, यासाठी आज्ञा साध्या इंग्रजी शब्दांत लिहाव्यात हा तिचा हेतू. शास्त्रज्ञांनी तिला नाके मुरडली. बँका आणि विमा कंपन्यांनी मात्र तिला उचलून धरले. त्याचे कारण कारकुनाला चटकन पटेल असे आहे. एक तृतीयांश ही संख्या दशांशात लिहू गेल्यास ०.३३३ असे कितीही तीन मांडले तरी ती पुरी होत नाही. संगणकाच्या द्विमान पद्धतीत नेमकी हीच गत दहा पैशांची होते. अनेक भाषांतील नेहमीच्या अपूर्णांकांत दहा पैसे अचूक मावत नाहीत. एका व्यवहारात न दिसणारी चूक लाखो व्यवहारांच्या बेरजेत डोके वर काढते. कोबॉलमध्ये पैशाचा हिशेब दशमान पद्धतीनेच ठेवण्याची सोय पहिल्यापासून आहे. रॉयटर्स वृत्तसंस्थेने २०१७ साली दिलेल्या आकड्यानुसार या भाषेतील सुमारे २२ हजार कोटी ओळी तेव्हा जगात वापरात होत्या. तिचे आंतरराष्ट्रीय प्रमाण २०२३ साली पुन्हा सुधारण्यात आले. अशा भाषेला मृत म्हणणे हे केवळ अज्ञान होय.

तथापि याच भाषेच्या नावाने एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेत बराच गहजब झाला. साथीमुळे बेकार झालेल्या लाखो लोकांचे भत्त्यासाठी अर्ज आले, ते सोसणे जुन्या सरकारी यंत्रणांना जड गेले आणि न्यू जर्सी राज्याचे गव्हर्नर फिल मर्फी यांना कोबॉल जाणणाऱ्यांनी मदतीस यावे असे जाहीर आवाहन करावे लागले. वृत्तपत्रांनी साठ वर्षांच्या भाषेवर खापर फोडले. वास्तविक भाषा आपल्या जागी होती. नव्हती ती माणसे. एक पिढी निवृत्त होत असताना तिच्या जागी दुसरी तयार करण्याचा खर्च वर्षानुवर्षे वाचवला गेला होता आणि त्या बचतीची किंमत भत्त्याची वाट पाहणाऱ्या बेकारांनी मोजली.

उलट बाजूही तितकीच बोलकी आहे. ब्रिटनमधील टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये आपले लाखो ग्राहक एका यंत्रणेवरून दुसरीवर घाईने हलवले. त्यातील सुमारे १९ लाख लोकांना आपल्याच खात्यात प्रवेश मिळेना. नियामकांनी २०२२ साली या बँकेला सुमारे ४ कोटी ८६ लाख पौंडांचा दंड ठोठावला. ऑस्ट्रेलियातील कॉमनवेल्थ बँकेने २००८ पासून हेच स्थलांतर सावकाश केले. ते पार पडले, पण त्यास पाचएक वर्षे आणि शंभर कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरांहून अधिक रक्कम लागली. नव्या प्रणालीच्या विक्रेत्याला जुनी प्रणाली नेहमीच मोडकळीस आलेली दिसते. शंभर कोटी डॉलरांचा आकडा त्याच्या पत्रकात सहसा नसतो.

चालणारी वस्तू, हरवलेला आराखडा

महाराष्ट्रातल्या लहान संस्थांची कथा कोबॉलची नाही. ती फॉक्सप्रोची आहे. पतसंस्था, बाजार समित्या, सहकारी कारखाने, दुकानदार या सर्वांनी १९९० नंतरच्या दशकात संगणक घेतले, तेव्हा हिशेबाचे प्रोग्राम डीबेस, क्लिपर किंवा फॉक्सप्रो या साधनांत लिहिले गेले. लिहिणारा बहुधा एकटाच असे: नाशकात किंवा पुण्यात वर्ष-दोन वर्षे शिकून आलेला, हिशेबनिसाशेजारी बसून रोजकीर्द आणि खतावणी समजावून घेणारा तरुण. त्याने केलेले काम अनेकदा उत्तम होते. व्याजाच्या आकारणीतल्या, हप्त्याच्या सवलतीतल्या, सभासदांच्या भागभांडवलातल्या स्थानिक खाचाखोचा त्यात इतक्या नेमक्या उतरल्या होत्या, की बाहेरून आणलेली महागडी तयार प्रणाली त्यापुढे अडाणी वाटावी. पुढे तो तरुण चांगल्या नोकरीवर निघून गेला. संस्थेच्या हाती राहिला तो चालणारा प्रोग्राम. त्याची मूळ आज्ञावली, म्हणजे ज्याला सोर्स कोड म्हणतात तो आराखडा, बहुतेकांनी मागून घेतलाच नाही. मायक्रोसॉफ्टने फॉक्सप्रोची अखेरची आवृत्ती २००४ साली काढली आणि जानेवारी २०१५ मध्ये तिची जबाबदारी पूर्णपणे सोडली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, पावतीचा नमुना बदलला, आणि ज्यांच्याकडे आराखडा नव्हता त्यांना आपल्याच प्रोग्रामचे दार बाहेरून ठोठावण्याखेरीज मार्ग उरला नाही.

संगणकावरून आपल्याकडे पूर्वी जे रण माजले त्याची येथे आठवण होते. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील स्वयंचलनविषयक समितीने १९७२ साली अहवाल दिला, बँक कर्मचारी संघटनांशी १९८३ साली संगणकीकरणाचा करार झाला आणि १९८४ साली डॉ. रंगराजन समितीने बँकांना दिशा आखून दिली. या सगळ्या काळात वादाचा मुद्दा एकच होता : यंत्र कारकुनाची नोकरी घेईल काय? त्या भीतीत तथ्य नव्हते असे नाही. परंतु नोकरी टिकलेल्या कारकुनापुढे पुढे जे संकट उभे राहिले त्याचा विचार तेव्हा कोणत्याच पक्षाने केला नव्हता. यंत्र समोर आहे, त्यात संस्थेची पंचवीस वर्षांची खाती आहेत आणि ते आतून कसे चालते हे सांगणारा माणूस गावात नाही, असा हा पेच आहे.

मराठी समाजाला हा अनुभव नवा वाटू नये. शतकानुशतके दप्तरात चाललेली मोडी लिपी १९५० नंतरच्या दशकात सरकारी आणि शालेय व्यवहारातून गेली. बालबोध लिपी छपाईला सोपी आणि सर्वांना परिचित. निर्णय चुकीचा होता असे म्हणता येणार नाही. चूक झाली ती वेगळीच. लिपी सोडताना तिचे वाचकही सोडून देण्यात आले. कागद मात्र राहिले : जमिनींचे, वतनांचे, वाटण्यांचे, जन्ममृत्यूंचे. सप्टेंबर २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्या. संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून जुनी दप्तरे बाहेर निघाली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांचा शोध घेण्याची पाळी शासनावर आली. ज्यांचे दाखले त्या कागदांवर अवलंबून होते त्यांच्या दृष्टीने लिपी मेलेली नव्हतीच. फक्त तिचे भाषांतर करणारा हाताशी नव्हता. धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ जुने कागद जपते म्हणून इतिहास वाचतो. पतसंस्थेच्या फॉक्सप्रोतील खात्यांना मात्र असे कोणतेही मंडळ नाही. त्यातच जुन्या प्रोग्रामांतील मराठी नावे त्या काळच्या निरनिराळ्या फाँटांच्या सांकेतिक पद्धतींत साठवलेली आहेत. आजच्या युनिकोड पद्धतीत ती तशीच उघडली तर सभासदाच्या नावाच्या जागी निरर्थक चिन्हे उमटतात.

केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२२ मध्ये देशातील ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. ती या दृष्टीने योग्य दिशेची म्हटली पाहिजे. नंदुरबारसारख्या जिल्ह्यातील आदिवासी विविध कार्यकारी सहकारी संस्थांचे हिशेब एका समाईक प्रणालीवर आले, तर निदान एकट्या प्रोग्रामरच्या पत्त्यावर संस्थेचे भवितव्य टांगलेले राहणार नाही. परंतु जुन्या नोंदी नव्या प्रणालीत उतरवताना दोन्हींचे आकडे काही महिने शेजारी शेजारी ठेवून पडताळावे लागतात आणि हे काम करणारा गटसचिव आधीच तीन-चार संस्थांचे दप्तर सांभाळत असतो. येथे घाई केली तर टीएसबी बँकेच्या ग्राहकाची जी गत झाली ती पीककर्जदाराची होईल. त्याच्यासाठी मात्र दंड ठोठावणारा नियामक तत्परतेने पुढे येईल याची शाश्वती देता येत नाही.

वर्गातील प्रश्न वेगळा

कचेरीतील जुना प्रोग्राम सांभाळण्यास निदान एक कारण असते : त्यात लोकांची खाती असतात. वर्गातील निळ्या पडद्यात कोणाचेही खाते नाही. तो उद्या बंद केला तर एकही व्यवहार अडणार नाही. असे असूनही जगातल्या बँकांपेक्षा आपल्या संगणकशाळा अधिक स्थितिप्रिय ठराव्यात, हे विलक्षण आहे.

नुकसान नेमके काय होते हे पाहण्यासाठी एक लहानसा प्रयोग पुरेसा आहे. एकपासून आठपर्यंतच्या संख्यांचा गुणाकार ४०,३२०. हा गुणाकार करणारा प्रोग्राम टर्बोमध्ये नेहमीच्या ‘इंट’ या पूर्णांकाच्या प्रकाराने लिहिला तर पडद्यावर उत्तर येते उणे २५,२१६. टर्बोच्या दृष्टीने पूर्णांक सोळा बिटांचा, आणि त्यात ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. आजच्या कोणत्याही साधारण कंपायलरवर हाच प्रोग्राम बरोबर उत्तर देतो, कारण तेथे पूर्णांक बत्तीस बिटांचा असतो. मोठ्या संख्येसाठी दुसरा प्रकार वापरावा असे शिक्षक सांगतात आणि टर्बोपुरते ते खरेही आहे. पण विद्यार्थी परीक्षेसाठी पाठ करतो ते ‘पूर्णांकास दोन बाइट लागतात’ हे वाक्य, भाषेचा नियम म्हणून. ज्या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १६ लाख ४८ हजार भरली, तेथील एका तालुक्याची शिरगणतीही ज्यात मावत नाही असा पूर्णांक त्याला शिकवला जातो.

सी प्लस प्लस या भाषेचे पहिले आंतरराष्ट्रीय प्रमाण १९९८ साली ठरले. टर्बो त्याच्या आधीचा. त्यामुळे त्यावर शिकलेल्या प्रोग्रामच्या अगदी पहिल्या ओळीतच, जेथे ‘आयोस्ट्रीम डॉट एच’ असे लिहिण्याची सवय हाताला लागलेली असते, आजचा कंपायलर थांबतो आणि अशी फाइलच नाही असे सांगतो. पडदा पुसण्याची आज्ञा, मुख्य भागाचा आरंभ करण्याची पद्धत, प्रोग्रामच्या शेवटी कळ दाबण्याची वाट पाहणे, या साऱ्या गोष्टी त्या एका कंपनीच्या एका साधनाच्या लकबी होत्या. १९९८ नंतर त्या भाषेत जे घडले, २०११ पासून दर तीन वर्षांनी तिचे प्रमाण सुधारत गेले, त्याचा वाराही या वर्गाला लागत नाही. नोकरीच्या चाचणीला बसलेला पदवीधर तर्काने चुकत नाही. त्याच्या लेखणीला जी बोली शिकवली ती पलीकडे कोणी बोलत नाही.

येथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. बारावीच्या संगणकशास्त्रात विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या ८०८५ हा मायक्रोप्रोसेसर शिकल्या. तो तर इंटेलने १९७६ साली बनवलेला. मग त्यावरही हीच टीका का होऊ नये? कारण त्याच्या साधेपणातच त्याचे शैक्षणिक मोल आहे. संपूर्ण प्रोसेसर एका पानावरच्या आकृतीत मावतो, प्रत्येक आज्ञेने कोणत्या कोषात काय बदलले हे विद्यार्थी कागदावर पडताळू शकतो, आणि तो शिकताना हीच आजची यंत्रे आहेत अशी कोणाची समजूत होत नाही. भूमितीत कंपास वापरतात तसा त्याचा उपयोग आहे. टर्बोचे तसे नाही. तो आजची भाषा शिकवतो असा आव आणून कालची बोली शिकवतो. जुनेपणाचा दोष काढायचाच तर तो असा तपासून काढावा. सरसकट काढू नये.

याच कारणाने सी प्लस प्लसला सुट्टी देऊन सर्वत्र पायथन आणावी, असा जो आग्रह धरला जातो त्यातही थोडे थांबावे असे वाटते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२० च्या सुमारास आपल्या शाळांत हा बदल पुरा केला. पायथनमध्ये आरंभीचे कर्मकांड कमी, त्यामुळे नवशिक्याला ती सोपी जाते, हे खरे. परंतु सी प्लस प्लसही आज जिवंत आणि कमावती भाषा आहे. कोणती निवडावी यावर विद्वानांनी खुशाल मंडळे भरवावीत. १९९२ च्या सुमारास गोठलेली बोली सोडण्यासाठी त्या मंडळांच्या निर्णयाची वाट पाहण्याची आवश्यकता नाही.

अलीकडे आणखी एक युक्तिवाद ऐकू येतो. आता यंत्रच विचारल्याबरोबर प्रोग्राम लिहून देते, मग भाषा जुनी काय नि नवी काय? पण यंत्राने लिहिलेले बरोबर की चूक हे वाचून ठरवणारा कोणी लागतोच. ते यंत्र बहुधा आजच्या प्रचलित भाषेत लिहिते. ज्याला केवळ निळ्या पडद्याची बोली अवगत आहे त्याला ते लिखाण तपासता येणार नाही, केवळ उतरवून घेता येईल.

चौथी भाषा

हे नुकसान सर्वत्र सारखे नाही. पुण्यातील विद्यार्थ्याने वर्गात टर्बो शिकला तरी घरी त्याचा स्वतःचा संगणक असतो, जोडणी असते, थोरला भाऊ किंवा शेजारी त्याच क्षेत्रात असतो. महाविद्यालयाने केलेली चूक तो आठवड्याभरात दुरुस्त करतो, किंबहुना महाविद्यालयाकडून त्याची फारशी अपेक्षाही नसते. नंदुरबार जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण २०११ मध्ये ६९ टक्क्यांहून अधिक होते आणि साक्षरता ६४ टक्के होती. केंद्र सरकारने २०१८ साली देशातील जे मागास जिल्हे ‘आकांक्षित’ म्हणून निवडले त्यांत महाराष्ट्रातील हा एक. अक्राणी तालुक्यातून शासकीय वसतिगृहात राहायला आलेल्या मुलाला संगणक भेटतो तो आठवड्यातून प्रात्यक्षिकाच्या तासाला, तोही वीज असेल आणि यंत्र मोकळे असेल तर. त्या तासाला समोर जे असेल तेच त्याचे संगणकशास्त्र.

त्याने तेथवर यायला किती भाषा ओलांडल्या याचाही हिशेब मांडला पाहिजे. घरी तो पावरी किंवा भिलोरी बोलतो. नवापूरकडचा असेल तर मावची किंवा कोकणी. शाळेत त्याला पुस्तकी मराठी भेटली आणि ती त्याची मातृभाषा आहे असे गृहीत धरून शिकवली गेली. अकरावीला विज्ञान शाखेत प्रवेश घेताच पुस्तके इंग्रजीत आली. संगणकाची भाषा ही त्याची चौथी. पहिल्या तिन्ही भाषा शिकताना त्याने जे कष्ट घेतले त्यांतील एकही वाया गेला नाही, कारण त्या भाषा बोलणारी माणसे पलीकडे उभी होती. चौथीच्या बाबतीत मात्र त्याच्या हाती अशी बोली दिली जाते, जी बोलणारे परीक्षागृहाबाहेर उरलेले नाहीत. त्याच्या वाट्याला आलेल्या मोजक्या तासांची ही उधळपट्टी आहे, आणि ती थांबवण्यास पैसाही लागत नाही. सी प्लस प्लसचा जीसीसी हा मुक्त कंपायलर १९८७ पासून विकसित होत आला आहे, तो विनामूल्य मिळतो आणि साधारण प्रतीच्या जुन्या यंत्रांवरही चालतो. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने अशा भाषांचे पाठ मराठी निवेदनासह उपलब्ध करून दिले आहेत. ते एकदा उतरवून घेतले की जोडणीवाचूनही पाहता येतात.

मग अडते कोठे? शिक्षकांच्या आळसावर बोट ठेवणे सोपे आहे आणि अन्यायाचेही आहे. प्रात्यक्षिकाची वही, जिला जर्नल म्हणतात, तिच्यातील प्रयोग ठरलेले असतात. बाहेरून येणारा परीक्षक त्याच प्रयोगांतून चिठ्ठी काढतो. प्रश्नपत्रिकेत त्याच साधनाच्या लकबी विचारल्या जातात आणि स्थानिक प्रकाशकांची मार्गदर्शक पुस्तके तीच उत्तरे छापतात. एकट्या प्राध्यापकाने आपल्या वर्गात नवा कंपायलर आणला तर त्याच्या विद्यार्थ्याचे उत्तर परीक्षकाच्या नमुन्याशी जुळत नाही, आणि गुण जातात ते विद्यार्थ्याचे. त्यामुळे जो तो दुसऱ्याने आरंभ करण्याची वाट पाहतो. हा गुंता केवळ अभ्यासमंडळाला सोडवता येईल : अभ्यासक्रमात साधनाचे नाव न घेता भाषेच्या प्रमाणाचा उल्लेख करावा, प्रश्नपत्रिकेतून जुन्या लकबी वगळाव्यात आणि कोणत्या वर्षीच्या प्रवेशापासून हे लागू होणार ते दोन वर्षे आधी जाहीर करावे. केरळने २००० नंतरच्या दशकात शालेय संगणकशिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर नेले, तेव्हा आधी शिक्षकांना हाताशी धरून शिकवले. विद्यार्थ्यांची पाळी त्यानंतर आली.

जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेत जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे येतात. एवढ्या टापूतील संगणकशिक्षकांना उन्हाळी सुट्टीत दोन आठवडे एकत्र आणणे अशक्य कोटीतले नाही. अशा वर्गात त्यांनी जर्नलमधील प्रत्येक प्रयोग प्रमाण भाषेत पुन्हा लिहून काढला तर तीच पुढील वर्षाची वही होईल. अडचण एकच, आणि ती आधी सोडवावी लागेल. ग्रामीण महाविद्यालयांत हा विषय शिकवणारे पुष्कळजण तासिका तत्त्वावर नेमलेले असतात. त्यांना मानधन मिळते ते घेतलेल्या तासांचे, आणि मे महिन्यात तास नसतात. त्या दोन आठवड्यांचे मानधन कोणत्या शीर्षाखाली खर्ची टाकायचे, हे विद्यापीठाने आणि शासनाने प्रशिक्षणाचे परिपत्रक काढण्यापूर्वी ठरवावे.